शाबूत कान

वस्तीत एकाच पोरीचे दोन्ही कान शाबूत राहिले होते, आणि तीच पोर रोज तेल लावून, वेणी घालून, नाक पुसून दुधाला येत होती. बाकीची पोरं होती तशीच, केसांत गवत, पोटऱ्यांवर नदीचा गाळ. पण त्या सगळ्यांच्या डाव्या कानाची पाळी खालून कापलेली. तांदळाच्या दाण्याएवढी खाच. बुधरीच्या कानाला मात्र कुणी हात लावला नव्हता.

गिरजाबाईला याचा अर्थ लागला तेव्हा दोन गोष्टी एकदम कळल्या. पोरांच्या कानांना ही खाच आपल्यामुळे पडली. आणि जिला पडली नाही, ती पोर वस्तीने देऊन टाकली आहे.

कळायला उशीर झाला होता. किती उशीर, ते क्रमाने सांगितल्याशिवाय ध्यानात यायचं नाही.

आधी दूध

चांद्याच्या परकोटाच्या आत राहणाऱ्या काही बायकांनी मिळून एक समाज काढला होता. वकिलीणबाई अध्यक्ष. शिवणाचा वर्ग झाला, गणपतीत नाटक झालं, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पठाणपुरा दरवाज्याबाहेर, नदीच्या अंगाला, बांबूच्या तट्ट्यांची एक वस्ती उठली आहे आणि तिथली पोरं उघडीवाघडी हिंडतात. त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडून दुधाच्या पावडरीची पिंपं आली. त्यातली काही समाजाच्या वाट्याला आली. वाटायला माणूस हवं, म्हणून गिरजाबाईला ठेवलं.

गिरजाबाई परकोटातल्याच एका मास्तरांची मुलगी. नवऱ्याने वर्षाच्या आत बापाच्या दारी परत आणून सोडलेली. त्यावर रडत न बसता ती नागपूरला जाऊन बालसेविकेचं शिक्षण घेऊन आली होती. आपल्या हातून एखादं पोर धडधाकट झालेलं बघावं, एवढीच तिची हाव होती. ती काही वाईट हाव नव्हे.

वस्ती ढिवरांची. पोंभुर्ण्याकडची माणसं. गावच्या तलावाची मासेमारी लिलावात भलत्याच्या हाती गेली, तशी जाळी गुंडाळून इकडे आलेली. नदीवर पूल व्हायचा होता. पुलाचे खांब उभे करायचे तर आधी पात्रात विहिरी उतरवाव्या लागतात. सिमेंटचं भलंथोरलं कडं वाळूत ठेवायचं, आतून वाळू उपसत जायची, तसतसं ते आपल्या वजनाने खाली बसतं. पाण्याखालची वाळू उपसायला बुडी मारणारे लागतात. ढिवरांना बुडी मारता येते. म्हणून ठेकेदाराला ढिवर हवे होते.

नदीकाठच्या चिंचेखाली गिरजाबाईने चूल मांडली. ढवळायला वस्तीतली रंभा आपणहून पुढे आली. अंगाने सडसडीत, तोंडाने त्याहून.

"बाई, हे कोन्या जनावराचं होय?"

"गाईचं."

"गाय कुठी हाय मंग?"

"लांब. समुद्राच्या पलीकडं."

"म्हनजे येता येता रस्त्यात वाळून गेलं म्हना बिचारं."

पहिल्या दिवशी पोरांनी दूध घटाघटा प्यायलं, आणि दुसऱ्या दिवशी रंभा हसत हसतच आली. "काल अख्खी वस्ती झुडपाआड बसून होती, बाई. मुकादम म्हने, काऊन बे, संप केला का?"

गिरजाबाईने दूध पातळ केलं. हळूहळू पोरांच्या पोटात ते ठरू लागलं. मग तिने चिंचेच्या फांदीला ताणकाटा टांगला, त्याला कापडाची झोळी बांधली, आणि दर बाजारच्या दिवशी एकेका पोराला झोळीत घालून त्याचं वजन करायला लागली. काटा खाली गेला की ती टाळी वाजवायची. वाढलेल्या पोराच्या वाटीत दूध जास्त.

"बाजारात बोकडासाठी असाच काटा असते," रंभा म्हणाली.

दोघीही हसल्या. चिंचेभोवती उभ्या असलेल्या दुसऱ्या बाया हसल्या नाहीत. गिरजाबाईने ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. नवीन गोष्ट आहे, बुजतात, असं तिला वाटलं.

मग विहीर

पात्राच्या मधली, खोल धारेतली विहीर उतरवायच्या दिवशी पूजा होती. समाजाच्या बायकांना बोलावणं होतं. वकिलीणबाईंनी छत्रीखाली उभं राहून नारळ फोडला. मुकादम घनश्याम धोतर वर खोचून सगळीकडे धावत होता. त्याने बोकड मागवला. आणला तो काळाभोर, देखणा होता. घनश्यामने त्याचे कान हातात धरून उलटेपालटे केले आणि ढकलून दिला.

"कान फाटला आहे याचा. खोडीचा चालत नाई. देनं द्याचं तर अख्खं द्यावं लागते."

दुसरा आणला. वकिलीणबाईंनी तोंड फिरवलं, गिरजाबाईनेही फिरवलं. वाळूवर ढिवर उभे होते, त्यांच्या बाया, त्यांची पोरं. ते बघत होते. ठेकेदाराच्या माणसांनी केलं, शहरातल्या शिकलेल्या बाया साक्षीला उभ्या राहिल्या. तेव्हा ते खरंच असणार.

विहीर उतरायला लागली आणि काही दिवसांत कलली. एका अंगाने खाली, एका अंगाने वर, दारू प्यालेल्या माणसाने टोपी घालावी तशी. वरच्या अंगाला पोती रचली, बुडी मारणाऱ्यांना खालून उपसायला लावलं. रंभाचा दीर इसरू खाली होता तेव्हा कडं सरकलं.

वर आला तो त्याचा पटका.

घनश्यामने काठावर येऊन सांगितलं की इसरू न सांगता गावाकडे निघून गेला आहे, दिसला तर कामावर पाठवा. इसरूची बायको तिथेच वाळूत बसलेली होती. तिच्या देखत सांगितलं.  दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा माणूस खाली उतरला.

आणि विहीर कललेलीच.

त्यानंतर नदीवरून येणाऱ्या बायांचं बोलणं गिरजाबाई दिसली की थांबायचं. घमेली डोक्यावर, तोंडं पुढे, जणू चिंचेखाली कुणी नाहीच. रंभा ढवळायला येत होती, पण तिचं तोंड आता बंद होतं. गिरजाबाईला वाटलं, दीर गेला, दुःख आहे. ते होतंच.

मग उंदीर

पहिला कान रंभाच्याच पोराचा. वारलू त्याचं नाव. डोक्याला चिंधी गुंडाळून आला. सोडून बघितलं तर पाळी कापलेली, वर हळद थापलेली, कडेला पू धरलेला.

"काय झालं गं याला?"

"उंदीर चावला, बाई." रंभा पातेल्यात बघत म्हणाली.

गिरजाबाईने जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. वारलू ओरडला नाही. तिच्या हाताकडे मात्र टक लावून बघत राहिला.

पाठोपाठ वस्तीतल्याच इतवारीच्या दोन्ही पोरींचे कान. मग आणखी कुणाचा, मग आणखी. सगळ्यांचा डावा. सगळ्यांची खाच त्याच जागी. विचारलं तर सगळ्यांना उंदीरच चावलेला. गिरजाबाई प्रत्येक कान बोटांत धरायची, कोमट पाण्याने पुसायची, फुंकर घालायची. तिला उंदरांचा राग आला. तिने वकिलीणबाईंपुढे इतकी कळकळ केली की समाजाने वर्गणी काढून उंदरांचे पिंजरे पाठवले.

वस्तीने पिंजरे निमूट घेतले. रंभाने एक उलटासुलटा करून पाहिला.

"लय मजबूत हाय," म्हणाली. आणि पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांनी, तिच्या डोळ्यांत हसू आलं. ते हसू गिरजाबाईला आवडलं नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं.

पिंजऱ्यांत एकही उंदीर सापडला नाही. कान कापले जात राहिले.

या सगळ्यात एक पोर रोज येत होती आणि तिला काही होत नव्हतं. बुधरी. आठएक वर्षांची. बाप आधीच गेलेला, माय बाळंतपणात. चुलता मुखरू तिला सांभाळायचा म्हणजे मारायचा. सुरुवातीला ती काट्याच्या झोळीत घातली तर झोळीला पत्ता लागत नसे. आता तिचे गाल भरले होते. वेणीला तेल होतं. अंगात कुणाचं तरी नवं पोलकं होतं. गिरजाबाई तिला झोळीत बसवायची आणि काटा खाली गेला की टाळी वाजवायची. उभ्या बाया आता त्या टाळीला मान हलवायच्या. बरोबर चाललं आहे, अशी.

मग मुकादम बोलला

घनश्याम एकदा चिंचेखाली पाणी प्यायला थांबला. पोरांच्या पट्ट्या बघून त्याला हसू लोटलं.

"बाईजी, तुमचे उंदीर पकडले का?"

"हसण्यासारखं काय आहे त्यात?"

"उंदीर बिंदीर काही नाई. मायबापांनी कापले आहेत ते. तुमच्या भीतीनं."

"माझ्या?"

"आता बघा ना. शहरातली बाई येते. फुकटात दूध पाजते. पोट्टे काट्यावर चढवते. वजन वाढलं की खुशीत येते. तिकडे विहीर बसत नाई." त्याने चूळ भरून टाकली. "तुमी यांच्या जागी काय समजल्या असत्या? कापलेल्या कानाचं देनं नदी घेत नाई. म्हनून कान कापले."

गिरजाबाईच्या हातातलं ओगराळं तसंच राहिलं. दूध चुलीत सांडून चर्र झालं.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत, हे खोटं आहे म्हणून?"

"मी काऊन सांगू? भ्यालेला मानूस कामाला बरा असते." तो उठला, दोन पावलं गेला, मागे वळला. "तशी समजदार मानसं आहेत. एक राखून ठेवली आहे त्यांनी. ते मुखरूची पोट्टी. हलकी आहे, चपळ आहे. उद्यापासून विहिरीच्या माचाणीवर पानी वाटाले ठेवून राह्यलो तिले."

माचाण म्हणजे कललेल्या कड्यावर टाकलेल्या दोन लाकडी बल्ल्या आणि वर तट्ट्या. खाली इसरू गेला ते पाणी.

"पाणी वाटायला मोठं माणूस ठेवा."

"मोठं मानूस जड पडते, बाईजी," घनश्याम म्हणाला. इतक्या साध्या आवाजात की त्यावर भांडायला जागाच नव्हती.

मग मुखरूचं दार

मुखरू जाळं विणत बसला होता. मासेमारी गेली तरी विणत होता. झोपडीसमोर बुधरी गूळ-चणे खात होती. तिच्या पुढ्यात कुणी आणून दिलेलं उकडलेलं अंडं होतं.

"बाई, बसा." त्याने तिच्यासाठी पोतं अंथरलं. ही अदब तिला नवी होती.

"मुखरूभाऊ, मी पुलाची कोणी नाही. मी कुणाला नेत नाही. दूध आहे ते, नुसतं दूध. वजन करते ते पोर आजारी आहे की बरं आहे ते बघायला."

"हाव, बाई."

"खरं सांगते आहे मी."

"हाव ना. तुमाले असंच म्हनावं लागते." तो जाळ्यावरून नजर न काढता बोलला. "आमी कोठी तुमाले नावं ठेवली? याच्या आधी जे आले ते उपाशीच नेत गेले. जंगलात नेलं, खानीत नेलं, इसरूले नेलं. तुमी खाऊ घालून नेता."

 तिने बुधरीकडे बोट केलं.

"हिचा कान का नाही कापला मग?"

"कोनी कापाचा?"

"तुम्ही."

"माहा हात चालत नाई. ते मायबापाचं काम होय. लेकरू आमचं हाय, देत नाई, असं सांगाचं असते त्यानं. चुलत्यानं कापला त नुसता कान कापल्या जाते." त्याने गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "हिले मायबाप नाई. हिच्यासाठी कोन सांगन?"

बुधरीने अंडं फोडलं. पिवळं आधी काढून ठेवलं, शेवटी खायला.

"मले आता कोनी मारत नाई, बाई," ती आनंदाने म्हणाली. "रंभाकाकी रोज वेनी घालून देते. ते रडते घालता घालता. मी म्हनते, काऊन रडता व, वेनी माही होय."

मग वकिलीणबाई

परकोटाच्या आत, ओसरीवर, वकिलीणबाई वाती वळत होत्या. गिरजाबाईने सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, वाईटही वाटून घेतलं.

"अडाणी लोक गं. आपण काय काय करणार?"

"तिला आज रात्रीपासून इथं ठेवून घ्या. तुमच्याकडं, नाहीतर समाजाच्या खोलीत. उद्या ती माचाणीवर जायची आहे."

"आणि उद्या वस्तीतली चार माणसं माझ्या दारात येऊन बसली तर? शिवाय तू तिला दरवाज्याच्या आत आणलीस, की त्यांना वाटेल नेलीच. मग बाकीची पोरं दुधाला येतील का? तूच विचार कर. एका पोरीसाठी सगळं केंद्र बंद पाडायचं?"

"मग पोलिसांत सांगते."

"काय सांगशील? पाणी वाटायला पोर ठेवली म्हणून?"

 तरी गिरजाबाई बसून राहिली. वकिलीणबाईंनी वात संपवली, पुढचा कापूस घेतला आणि हळूच म्हणाल्या,

"ती विहीर का बसत नाही गं पण? इतका मोठा बोकड दिला होता आपण."

गिरजाबाई उठली. परकोटाच्या भिंतीच्या आत आणि बाहेर भीती एकच होती. इथे फक्त ती ओसरीवर बसून वाती वळत होती.

एक दुपार, दोनदा

झालं ते असं.

दुपारी ती वस्तीत गेली आणि मुखरूला म्हणाली, पोरीला न्हाऊ घालते. मुखरूने मान डोलावली. बुधरीला घेऊन ती नदीच्या वरच्या अंगाला, खडकाआड गेली. औषधांच्या पेटीतली लहान कात्री तिने चुलीवर उकळून आणली होती. पाण्याच्या कडेला बसवून पोरीचा डावा कान हातात धरला. मऊ, तापलेला, तेलकट कान. इतक्या पोरांचे धुतले होते. आपण कापायचा, असं कधी मनात आलं नव्हतं.

"दुखेल हं. थोडंसं."

"कापता का?"

"हो."

बुधरीने विचार केला. "मंग मले उद्या पान्यावर जावं नाई लागनार?"

"नाही लागणार."

"आनि अंडं?"

गिरजाबाईने डोळे मिटून घेतले, उघडले, आणि कापलं. हवी होती त्याहून खोल गेली कात्री. तुकडा खडकावरून घसरून पाण्यात पडला. रक्ताची बारीक रेघ त्याच्यामागे गेली. पोर ओरडली नाही. दाबून धरलेल्या फडक्याआडून तिने वर बघितलं.

"आता तू माही माय होय का?"

आजवर तुमी म्हणायची, ती आता तू म्हणाली. गिरजाबाईने फडकं आणखी घट्ट दाबलं. मग ती म्हणाली, "हाव."

पलीकडच्या काठावर धुणं धूत असलेली इतवारी उभी राहून बघत होती.

वस्तीत सांगतात ते असं.

दूधवाली बाई पोरीला घेऊन नदीवर गेली. तिने पोरीचं सगळं अंग बघितलं आणि तिला दया आली. ती नदीला म्हणाली, एवढ्यावर भागव. तिने कानाचा तुकडा कापून हातावर धरला. पाणी वर चढून आलं आणि तिच्या हातावरून तो घेऊन गेलं. मग नदी लाल झाली, विहिरीपर्यंत लाल झाली, आणि बाई तिच्याशी पाण्याच्या आवाजात बोलली.

दोन्हींत पोर जिवंत परत आली. एवढं दोन्हींत सारखं.

मग विहीर

सकाळी मुखरूने बुधरीच्या कानावरचं फडकं सोडून बघितलं आणि काही न बोलता तिला गिरजाबाईच्या चुलीपाशी आणून सोडलं. पोलकंही सोबत दिलं. घनश्याम माचाणीवर वाट बघत होता. त्याला कळल्यावर तो वाळू तुडवत चिंचेपर्यंत आला.

"खोडीची करून ठेवली तुमी पोट्टी."

"माझी पोर आहे. मी कामाला पाठवत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला राग आला होता, पण रागापेक्षाही काहीतरी वेगळं त्याच्या तोंडावर होतं, हिशोब मांडणाऱ्या माणसासारखं. तो परत फिरणार, इतक्यात नदीतून आवाज आला.

मोठा नव्हता. पोटातून यावा तसा. वाळूतून तो चिंचेच्या मुळांपर्यंत आला आणि पातेल्यातल्या दुधावर वर्तुळं उठली. वरच्या अंगाची पोती घसरली, माणसं ओरडत कडेला पळाली, आणि इतके दिवस तिरपं बसलेलं ते कडं सावकाश, कुणीतरी खांद्याला धरून सरळ करावं तसं, सरळ झालं आणि खाली बसलं.

कितीतरी दिवस वर रचलेल्या पोत्यांचं वजन होतं ते. खालची वाळू उपसून पोकळ झाली होती. गिरजाबाईला हे ठाऊक होतं, घनश्यामलाही होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांपैकी कुणीच ते मोठ्याने म्हणालं नाही. काठावर माणसं नाचत होती. बुडी मारणारे ओल्या अंगाने एकमेकांच्या गळ्यात पडले होते. आज कुणाचा पटका वर येणार नव्हता.

मग सगळ्यांनी चिंचेकडे बघितलं.

मग रांग

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई दरवाज्याबाहेर आली, तेव्हा चिंचेखाली इतकी पोरं होती जितकी कधीच नव्हती. गेले महिनाभर न आलेली होती. कधीच न आलेली होती. पाळण्यातली होती, कडेवरची होती. कुणी गडबड करत नव्हतं. चूल कुणीतरी आधीच पेटवून ठेवली होती. तिच्यासाठी स्वच्छ धुतलेलं पोतं अंथरलं होतं. याच दृश्याची तिने इतके दिवस वाट बघितली होती.

रंभा सगळ्यांत पुढे. वारलूला तिने न्हाऊ घातलं होतं, ओल्या केसांचं पाणी अजून त्याच्या मानेवरून ओघळत होतं. ती वाकली आणि गिरजाबाईच्या पायांना हात लावला.

"हे काय गं, रंभा? ऊठ."

"चुकलो, बाई. आमी तुमाले भलतंच समजलो."

गिरजाबाईच्या छातीवरचा दगड हलला. तिने रंभाला उठवलं. "असू दे. आता समजलं ना? बसा सगळ्या. दूध तापलं की–"

"दूध मंग." रंभाने वारलूला पुढे सरकवलं. त्याची मान धरून वळवली. डावी बाजू नव्हे, उजवी. "हा बाकी हाय त्याचा."

"म्हणजे?"

"उद्या दुसरी विहीर धरनार हायेत. मुकादम काल संध्याकाळीच वस्तीत फिरला. माचाणीसाठी हलकं पोट्टं पाह्यजे म्हने." रंभाचा आवाज घरगुती होता, भाजी घेताना असतो तसा. "बुधरीचा एवढासाच घेतला नदीनं, आनि ऐकलं. आता याचा घ्या."

"रंभा, वेडी झालीस का? ती विहीर पोत्यांच्या वजनानं–"

"हाव, बाई."

"तुम्ही स्वतःच कापलेत ना कान, याला नेऊ नये म्हणून!"

"आमच्या हातानं कापलं ते राखाले. तुमच्या हातानं कापलं का ते देल्यासारखं होते." मागच्या बायांनी माना हलवल्या. त्यांचं आपसांत सगळं ठरलेलं होतं. "नाई म्हनू नका. तुमी नाई म्हटलं तर मुकादम अख्खं लेकरू मांगन. मंग कोनाचं द्याचं, तुमीच सांगा."

गिरजाबाईने नदीकडे पाहिलं. पात्रात दोरीने आखलेल्या जागा होत्या, काठापासून काठापर्यंत, ज्या ज्या ठिकाणी अजून विहीर उतरायची होती. दुसऱ्या जागेपाशी माणसं बल्ल्या नेत होती. घनश्याम कमरेवर हात ठेवून उभा होता आणि इकडेच बघत होता. घाई नव्हती त्याला.

पळून जाता आलं असतं. दरवाज्याच्या आत, बुधरीला घेऊन. मग उद्या माचाणीवर यांच्यातलं कुणीतरी उभं राहिलं असतं, आणि ते कोण, हे इथे, या चिंचेखाली, या बायांनी ठरवलं असतं. आज ते ठरवायचं तिच्यावर सोपवून त्या मोकळ्या झाल्या होत्या. इतका विश्वास तिच्यावर आयुष्यात कुणीच ठेवला नव्हता.

"माय," बुधरी तिच्या पदराला धरून म्हणाली, "वारलू नाई रडनार. मी त्याले सांगून ठेवलं हाय. थोडंसंच दुखते म्हटलं."

वारलूने मान आणखी तिरपी केली. उजवा कान सकाळच्या उन्हात लाल, पारदर्शक दिसत होता, आतल्या बारीक शिरांसकट. गिरजाबाईचा हात वर गेला. जखम बघायला जायचा तसाच, सवयीने. तिने कान बोटांत धरला, आणि तो सोडायचा की नाही हे ठरायच्या आत मागची रांग एक पाऊल पुढे सरकली.